आकाश ऐकायचं कसं?

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवात मुलांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. जिथे ध्वनिफिती ऐकवल्या तिथे कंसात तशी नोंद केली आहे.)



पंचवीस वर्षांच्या सोहळ्यात भाषण म्हटलं की प्लॉट कसा मिळाला, पाण्याची लाइन कशी आली, हे सगळं आलंच. ते सांगायला माझ्यापेक्षा जुनी मंडळी इथे बसली आहेत. मला समितीने वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय मी मागून घेतला आहे: अंतराळातले आवाज.

त्याचं कारण असं. गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि तो ॐ निघाला, असा. खाली हात जोडलेल्यांची ही रांग! दुसऱ्या दिवशी जिन्यात चौथीतल्या एका मुलीने मला अडवलं. म्हणाली, "आजोबा, पुस्तकात तर लिहिलंय अंतराळात हवा नाही. मग आवाज आला कुठून?" प्रश्न बिनतोड होता. एवढ्या मोठ्या माणसांना जो पडला नाही तो तिला पडला. उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देण्याएवढं लहान नव्हतं, म्हणून आज इथे देतो.

आधी आवाज म्हणजे काय ते बघू. तुमच्यापैकी बहुतेक जण रायगडावर जाऊन आलेले आहात. नगारखान्यापाशी कुणी हळू बोललं, अगदी कागद फाडला, तरी सिंहासनाच्या जागी ऐकू येतं, हे गाइड हमखास करून दाखवतो. ती बांधणाऱ्यांची करामत आहेच. पण नगारखाना आणि सिंहासन यांच्यामध्ये हवा आहे म्हणून ती करामत चालते. कागद फाटला की जवळची हवा हलते, ती पुढच्या हवेला ढकलते, ती तिच्या पुढच्या हवेला, आणि शेवटचा धक्का आपल्या कानाच्या पडद्यावर बसतो. तोच रायगड उचलून चंद्रावर ठेवला, तर नगारखान्यात नगारा बडवला तरी सिंहासनापाशी काही पोचणार नाही. ढकलायला तिथे हवाच नाही.

म्हणजे ती मुलगी बरोबर. मग यूट्यूबवर गुरूचा आवाज, सूर्याचा आवाज, कृष्णविवराचा आवाज म्हणून जे मिळतं ते खोटं का? नाही. तेही सगळं खोटं नाही. इथेच खरी गंमत आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात सावित्रीचं पाणी चढलं की नगरपालिकेचा भोंगा होतो. २२ जुलै २०२१ नंतर भोंगा म्हटलं की मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो, म्हणून हे उदाहरण मी जरा जपून घेतोय. सावित्री काही भोंग्यासारखी ओरडत नाही. कुणीतरी पाण्याची पातळी मोजतो. महाडला धोक्याची पातळी साडेसहा मीटर धरली आहे. आकडा त्याच्या जवळ आला की त्या आकड्याचा आवाज केला जातो. का? तर रात्री झोपलेल्या माणसाला आकडा दिसत नाही, पण आवाज त्याला उठवतो. भोंगा खोटा नाही, त्याच्या मागे खरं मोजमाप आहे. पण तो नदीचा आवाजही नाही. अंतराळाचे बहुतेक आवाज या भोंग्यासारखे आहेत. यंत्राने काहीतरी मोजलं, आकडे मिळाले, आणि माणसाने त्या आकड्यांचा आवाज केला.

आम्हा बँकेतल्या माणसांना एक सवय असते. नोंद दिसली की व्हाउचर मागायचं. तुम्हीही अंतराळाचा आवाज कुणी ऐकवला की तीन प्रश्न विचारा. मुळात मोजलं काय? कशाने मोजलं? आणि मोजल्यावर त्यात बदल काय केला? तिन्हींची उत्तरं मिळाली तर नोंद पक्की.

आता सूर्याचं व्हाउचर काढू. सूर्याचा पृष्ठभाग सतत वरखाली होत असतो. त्याच्या पोटात वायू खळखळतो, त्याच्या लाटा आतल्या आत फिरतात आणि पृष्ठभाग थरथरतो. एक हेलकावा पूर्ण व्हायला साधारण पाच मिनिटं लागतात. हे १९६० च्या सुमारास लक्षात आलं. आपल्या कानाला सेकंदाला निदान वीस हेलकावे लागतात, त्याखालचं ऐकू येत नाही. इथे पाच मिनिटांत एक! शिवाय मधे पंधरा कोटी किलोमीटरची पोकळी. म्हणून शास्त्रज्ञांनी काय केलं? दुर्बिणीतून दिसणाऱ्या हेलकाव्यांची चाळीस दिवसांची मोजणी घेतली आणि ती ४२,००० पट वेगाने वाजवली. आता गणित करा. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. ४२,००० भागिले ३००, उत्तर १४०. सेकंदाला १४० कंपनं. पेटीवर बसणाऱ्यांना सांगतो, हे खर्जाकडच्या काळी एकच्या अगदी जवळ आलं. पुरुष गायक जो सा लावतात तो. असा घुमणारा सूर ऐकला की आपल्याला ॐ आठवणं साहजिक आहे.

(इथे सूर्याची ध्वनिफीत ऐकवली.)

पण नासाने तसं म्हटलेलं नाही. माझ्या घरी रोज संध्याकाळी ॐ म्हटला जातो आणि पुढेही म्हटला जाईल. त्याला नासाच्या दाखल्याची गरज नाही. श्रद्धेला खोटं व्हाउचर जोडलं की श्रद्धाही अडचणीत येते आणि हिशेबही. मुलांना ॐ जरूर शिकवा, आणि ४२,००० भागिले ३०० हेही शिकवा.

दुसऱ्या जगातला खराखुरा, मायक्रोफोनने टिपलेला आवाज हवा असेल तर मंगळावर चला. मंगळावर हवा आहे, पण आपल्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथे उतरलेल्या पर्सिव्हरन्स या गाडीवर दोन मायक्रोफोन आहेत. त्यांनी तिथला वारा ऐकवला, गाडीच्या चाकांची खडखड ऐकवली, सोबत नेलेल्या छोट्या हेलिकॉप्टरची भणभणही ऐकवली. तिथे आवाज आपल्यापेक्षा हळू चालतो. आपल्याकडे सेकंदाला ३४० मीटर, तिथे साधारण २४०. आणि बारीक, टिपेचा आवाज थोड्याच अंतरात विरून जातो. तिथे सनई वाजवली तर लांबच्या पाहुण्याला ती बसकी वाटेल.

(इथे मंगळावरच्या वाऱ्याची ध्वनिफीत ऐकवली.)

आणि एक अजब उदाहरण. ययाती नावाच्या, म्हणजे इंग्रजीत पर्सियस म्हणतात त्या तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षं दूर दीर्घिकांचा एक मोठा गुच्छ आहे. तिथे पोकळी नाही, विरळ पण तापलेला वायू भरला आहे. मधल्या कृष्णविवरामुळे त्या वायूत लाटा उठतात. म्हणजे तिथे खरंच ध्वनिलहरी आहेत! २००३ मध्ये त्या ओळखल्या. पण एक लाट पुरी व्हायला सुमारे एक कोटी वर्षं. हा सूर पेटीच्या मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली येतो. आपल्या पेटीत सप्तकं असतात तीन-साडेतीन. २०२२ मध्ये नासाने तो तेवढी सप्तकं वर चढवून ऐकवला. एक सप्तक चढवणं म्हणजे दुप्पट करणं. एकाला दोनाने सत्तावन्न वेळा गुणायचं काम मी सुट्टीचा अभ्यास म्हणून देतो. पहिल्याने बरोबर उत्तर आणणाऱ्याला आमच्याकडे खरवस.

आता रेडिओकडे वळू, कारण आकाश ऐकण्यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा इथे आहे.

मी पोलादपूरच्या शाखेत होतो तेव्हा वळवाच्या पावसात प्रतापगडाच्या बाजूला विजा चमकायच्या. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. हे तुम्हीही करा, खिडकीच्या आत बसून. पण जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर चालू असेल तर आणखी एक गोष्ट कळते. वीज चमकते त्याच क्षणी रेडिओत कर्रकन होतं, गडगडाट मागून येतो. म्हणजे विजेतून दोन निरोप निघतात. एक हवेतून चालत येतो, तो आवाज. दुसरा प्रकाशाच्या वेगाने येतो, ती रेडिओलहर. तिला हवा लागत नाही. ती पोकळीतून आरामात येते आणि आपल्या घरातला रेडिओ तिचा आवाज करून देतो.

अमेरिकेत १९३० च्या सुमारास कार्ल जान्स्की नावाचा इंजिनिअर रेडिओ-टेलिफोनमधली अशी खरखर कुठून येते ते शोधत होता. विजांचा हिशेब लागला. पण एक बारीक, सतत चालणारी सुसू उरली. ती दर २३ तास ५६ मिनिटांनी जोर धरायची. सूर्याची असती तर बरोबर चोवीस तासांनी आली असती. चार मिनिटं आधी काय उगवतं? नक्षत्रं! आपल्या शेतकऱ्यांना हे ठाऊक आहे, नक्षत्र रोज थोडं आधी उगवतं. ती सुसू आकाशगंगेकडून येत होती. चार मिनिटांचा फरक त्याने सोडून दिला नाही, म्हणून १९३३ मध्ये रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म जगाला कळला. कॅश टॅली करताना चार आणे जुळले नाहीत तर घरी न जाणारे कॅशिअर मी पाहिले आहेत. हा त्याच जातीचा माणूस.

भारतात हे काम सुरू केलं डॉ. गोविंद स्वरूप यांनी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून. आणि कुठे? आपल्या कल्याणला! १९६५ मध्ये तिथे ३२ छोट्या तबकड्या, प्रत्येकी सुमारे सहा फूट व्यासाच्या, उभ्या केल्या आणि सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या. पुढे १९७० मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर अर्धा किलोमीटरहून लांब दुर्बीण झाली. आणि त्यानंतर जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद इथे जगात नाव झालेली जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, सगळ्या मिळून पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. लांब रेडिओलहर त्या भोकांतून निसटू शकत नाही, वारा मात्र आरपार जातो. आपल्या खिडकीच्या जाळीतून वारा येतो आणि डास अडतो, तसंच. त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही वाचले. डॉ. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी गेले. खोडदची निवड करण्यामागचं एक मोठं कारण काय, तर तिथे रेडिओचा गोंगाट कमी होता. आजही तिथे गेलं की मोबाइल बंद करावा लागतो. ऐकायचं तर आधी आपण गप्प बसावं लागतं.

आता एक गोष्ट सांगतो, जरा हळू आवाजात. जानेवारीत आपण गच्चीवर दुर्बीण आणली होती. गुरूचे चार चंद्र बघायला रांग लागली. त्या रांगेत आपला एक मुलगा होता, ज्याला दिसत नाही. त्याचं नाव घेत नाही, त्याला ते आवडणार नाही. त्याचा नंबर आला तेव्हा तो मागच्या मुलाला म्हणाला, "तू बघ, आणि मला सांग." मागच्याने सांगितलं. मग सगळ्यांनी सांगितलं, प्रत्येकाने वेगळं. तो हसून ऐकत होता. पण घरी जाताना माझ्या मनात आलं, आकाश हा काय फक्त डोळसांचा कार्यक्रम आहे?

नाही, हे आज ठामपणे सांगता येतं. पोर्तो रिकोच्या वांडा दियास-मेर्सेद या शास्त्रज्ञ. शिकत असतानाच त्यांची दृष्टी गेली. त्यांनी ताऱ्यांच्या मोजणीचे आकडे आवाजात बदलून ऐकायला सुरुवात केली आणि कानांनी संशोधन केलं. आलेखात डोळ्यांना न सापडणारे बारकावे कानाला सापडू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि बालमित्रांनो, रेडिओलहर कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. खोडदच्या तबकडीपुढे आपण सगळे एकाच रांगेत उभे असतो.

तर आता सगळ्यांनी डोळे मिटा. मांडीवर ताल धरायचा आहे. तुम्ही ऐकणार आहात पल्सार, म्हणजे स्पंदक तारे. मोठा तारा फुटला की मागे एक छोटा, भयंकर जड गोळा उरतो, जेमतेम वीस किलोमीटर रुंदीचा. तो गरगर फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा रेडिओझोत आपल्यावरून जातो. प्रत्येक फेरीला एक ठोका. १९६७ मध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने मैलभर कागदावरच्या रेघोट्यांमधून पहिला पल्सार शोधला.

(इथे तीन पल्सारच्या ध्वनिफिती ऐकवल्या.)

पहिला होता मिनिटाला सुमारे ८४ ठोक्यांचा. स्वतःची नाडी बघा, जवळपास तीच लय. दुसरा वेला नावाचा, सेकंदाला अकरा ठोके, मांडीवर ताल धरताच येत नाही. तिसरा क्रॅब, सेकंदाला तीस, तिथे ठोके संपून घरघर सुरू होते. हा तारा फुटलेला चिनी लोकांनी १०५४ साली पाहून लिहून ठेवला आहे. याहून वेगवान पल्सार १९८२ मध्ये सापडला, सेकंदाला ६४२ फेऱ्या! तो शोधणाऱ्यांत एक होते श्रीनिवास कुलकर्णी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले, तेव्हा विद्यार्थी. पांढरी एकचा सा धरला तर हा तारा तार सप्तकात कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध गातो. लक्षात घ्या, इथे वेग वाढवलेला नाही. ठोके जसे आले तसेच ऐकवले आहेत. फक्त रेडिओलहरीचा आवाज केला, ट्रान्झिस्टर करतो तसा.

हे ठोके इतके नेमके पडतात की त्यांचं घड्याळ करता येतं. अशा घड्याळांमधली सूक्ष्म चुकामूक वर्षानुवर्षं मोजून, गुरुत्वीय लहरींची एक मंद गुणगुण विश्वात भरली असल्याचे पुरावे जून २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यात खोडदच्या मोजणीचाही वाटा होता. गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली ती १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या लायगोने. तशीच वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. तुमच्यातलं कुणी तिथे नोकरीला लागलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आपल्या रायगड जिल्ह्यालाही या ऐकण्याचा जुना वारसा आहे. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळात तिथली सुई कशी हेलकावली त्याची नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने सुया भरकटल्या असत्या. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी शांत जागा शोधली, ती आपलं अलिबाग. १९०४ पासून तिथे नोंदी चालू आहेत. सूर्यावर वादळ झालं की त्याची चाहूल अलिबागच्या यंत्रांना लागते. आपण समुद्रावर भेळ खाऊन परत येतो, पण तिथे जवळच सव्वाशे वर्षं कुणीतरी कान देऊन बसलं आहे.

हे झालं आपण ऐकलेलं. आपण काय ऐकवलं तेही सांगतो. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात पंचावन्न भाषांतला नमस्कार आहे, आणि त्यांत एक मराठी आहे. शिवाय जगभरचं निवडक संगीत आहे. त्यात भारताचा एकच आवाज, गोव्यात केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांचा, भैरवीतला. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान आज इतकं लांब आहे की तिथून निघालेला रेडिओ संदेश इथे पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. तिथे हवा नाही, म्हणून ती भैरवी वाजत नाही. ती खोबणींत जपलेली आहे. कुणी कधी ती हवेत वाजवली तरच ती गाणं होईल. आपल्या भैरवीने मैफल संपते, तिथे तिने प्रवास सुरू केला.

शेवटी कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली करतात, शाळांच्या मुलांचं प्रदर्शनही भरतं. महोत्सवाच्या शिलकीतून एक मिनीबस काढावी. भोरमार्गे पुणे आणि पुढे नाशिक रस्त्याने नारायणगाव. सगळ्या मुलांनी जायचं, आणि गच्चीवर ज्याने "मला सांग" म्हटलं त्याने तिथे पहिल्या रांगेत उभं राहून आपल्याला सांगायचं. दुसरी, पुढच्या दुर्बिणीच्या कार्यक्रमाला शेजारी एक स्पीकर असावा, आणि त्या रात्री आवारातले बाकीचे स्पीकर बंद असावेत. तिसरी, खाली नोटीस बोर्डाजवळ एक पेटी ठेवावी. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना म्हणायचे, मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. आपण पेटीत प्रश्न टाकू. मोठ्यांनी मिळून उत्तरं शोधायची, आणि उत्तर सापडलं नाही तर तसं बोर्डावर लिहायचं. फॉरवर्ड चालणार नाही, व्हाउचर लागेल.

पहिला प्रश्न जिन्यातल्या त्या मुलीचा. त्याचं उत्तर मी दिलं असं मला वाटतं. पटलं नसेल तर तिने दुसरी चिठ्ठी टाकावी.

वीस मिनिटांची पंचवीस झाली. महोत्सवी आकडा आहे, अध्यक्षांनी चालवून घ्यावा.